चष्म्यातली बाई आणि मामाजींचा पाय

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी नावं ठेवायला नको. मी त्रेपन्न वर्षांची बाई आहे, अमरावतीच्या एका शाळेत मराठी शिकवते, आणि गेल्या वर्षी दीड महिना मी एका नसलेल्या बाईचा मनापासून दुस्वास केला. नसलेली म्हणजे वारलेली नव्हे. कधी जन्मालाच न आलेली. ती आमच्या घरात खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीवर बसायची आणि तिच्यासाठी मला माझ्याच घरात बोलणी खावी लागायची. आता हसू येतं. तेव्हा अंगाचा तिळपापड व्हायचा.

झालं असं की पोळ्याच्या सुमाराला माझ्या मामाजींना अकोल्यात अर्धांगवायूचा झटका आला. मामाजी म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. मामी जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही, दोन खोल्यांत एकटे राहायचे. उभा जन्म त्यांनी अकोटच्या एका जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवायचं काम केलं, रोज एसटीनं जाऊन-येऊन. कापसाचा पुंजका दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचे आणि धागा किती लांब ते सांगायचे. माझी आई मी कॉलेजात असताना गेली. त्यानंतर माहेर म्हणून मला जे काही उरलं ते त्यांच्या त्या दोन खोल्यांत होतं.

शेजाऱ्यांचा फोन आला तशी मी आणि आमचे हे अकोल्याला पळालो. बारा दिवस दवाखाना झाला आणि मग मी त्यांना सरळ अमरावतीला घरी आणलं. हात लवकर परत आला. जीभ तर कधी गेलीच नव्हती. पण डावा पाय काही ऐकेना. पंजा खाली लोंबायचा, उभं राहिलं की गुडघा दगा द्यायचा. फिजिओथेरपीवाल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पहिले तीन महिने सोन्याचे. घोटा धरून पंजा वर-खाली करायचा, दिवसातून तीनदा. मी आठवड्यातून दोनदा येईन, बाकी घरच्यांनी करायचं."

मी लगेच खाली बसून त्यांचा घोटा धरायला गेले. मामाजींनी विस्तवावर पडल्यासारखा पाय मागे ओढला. जो पाय डॉक्टरीणबाईंनी पाच मिनिटं विनवण्या करूनही हलला नव्हता, तो हलला.

"पायाले हात लावू नोको, बाई!" ते ओरडले. "भाचीनं मामाच्या पायाले हात लावला तं मामाले पाप लागते."

डॉक्टरीणबाई बाहेरगावच्या. त्यांना हे समजेना, म्हणून समजावून सांगितलं, इथंही सांगते. आमच्याकडे भाची मामाच्या पाया पडत नाही. मामा भाचीच्या पाया पडतो. मी सहा वर्षांची असताना अकोल्याच्या एसटी स्टँडवर, गाडी सुटायच्या वेळी, हा धोतर-टोपीतला माणूस माझ्या फ्रॉकपुढे वाकायचा, माझ्या चपलांना हात लावून कपाळाला न्यायचा आणि हातात खाऊची पुडी द्यायचा. सगळी गाडी बघायची. मी लाजून आईमागे लपायची. पुढे मी मोठी झाले, मास्तरीण झाले, केस पिकले, तरी दर दिवाळीला त्यांच्या घरून निघताना हेच. खाऊच्या जागी साडी आली एवढंच. त्यांच्या पायाला माझा हात आजवर लागला नव्हता. लहानपणी एकदा खेळताना चुकून लागला, तर त्यांनी माझा हात धरून स्वतःच्या डोक्याला लावला होता.

मग घोटा धरणार कोण? आमचे हे पुढे झाले तर मामाजींनी पांघरूणच डोक्यावरून घेतलं. जावयानं पाय धरायचे? त्यापेक्षा लंगडं मेलेलं बरं. एक माणूस पगारी ठेवला, तो आठ दिवस आला आणि नववा दिवस त्याने उगवू दिला नाही. तिकडे सोन्याचे तीन महिने चालले होते आणि मी शाळेतून घरी येऊन त्या लोंबत्या पंजाकडे बघत बसायची.

त्यातच मामाजींनी एक पण केला होता. भाचीच्या घरचं पाणीही त्यांना जड जात होतं, कधी एकदा अकोल्याला जातो असं झालं होतं. पण जायचं तर निघताना माझ्या पायाला हात लावूनच, नेहमीसारखं. "वाकता आलं पायजे मले," ते म्हणायचे. "वाकता नाही आलं तं मी इथून हालत नाही. तुयी माय वरून पाह्यते. काय म्हनन ते, भाऊ बह्यनीच्या लेकीच्या पायाले हात न लावता निंगाला?" मी म्हणे, मामाजी, वाकणं राहू द्या, आधी उभे तर राहा. ते भिंतीकडे तोंड करून पडत. त्यांना तो पाय चालण्यासाठी नव्हे, वाकण्यासाठी हवा होता, आणि ज्या भाचीपुढे वाकायचं तिला तो पाय धरू द्यायचा नव्हता. सांगा, डोकं कुठं फोडायचं!

तेव्हा डॉक्टरीणबाईंनी चष्मा आणला. त्यांच्या दवाखान्यात दीड महिन्यासाठी वापरून बघायला आलेला, जाड दांड्यांचा. घातला की खोली आपलीच दिसते, बाज आपली, पंखा आपला, भिंतीवरचं कॅलेंडर आपलं. फक्त खोलीत एक बाई वाढते. ती व्यायाम करून दाखवते, मोजते, आपला पाय बरोबर हलला की नाही ते चष्म्याच्या कॅमेऱ्यातून बघते आणि चुकलं की सांगते. एव्हाना पंज्यात थोडा जीव आला होता. तेव्हा टॉवेलचा फास पंज्यात अडकवून दोन्ही हातांनी आपलाच पाय ओढायचा, असं ती शिकवणार होती. म्हणजे कुणी कुणाच्या पायाला हात लावायचा प्रश्नच नाही. मी मनात म्हटलं, सुटलो बाप्पा.

डॉक्टरीणबाईंनी मोबाइलवर काहीतरी करून त्या बाईला वेताच्या खुर्चीवर बसवलं आणि मामाजींच्या डोळ्यांवर चष्मा चढवला. मामाजी बनियनवर होते. दोन क्षण ते बघत राहिले. मग झटकन चष्मा काढून माझ्यावर फिस्कारले, "शर्ट आन माया! घरात पराई बाई येऊन बसली अन् मले बनियनवर बसवलं तुमी?"

शर्ट आणला. गळ्याचं बटन लावून झालं. टोपी मागितली, तीही आणली. मग पुन्हा चष्मा घातला आणि अतिशय अदबीनं रिकाम्या खुर्चीला म्हणाले, "बसा बाई, बसा. चहा घेता?"

चष्म्यातून बारीक आवाज आला, "चला काका, सुरुवात करूया."

"पुन्याकडची दिसते," मामाजी मला म्हणाले. "चहाले हो नाही म्हनत, नाही नाही म्हनत."

नंतर त्यांनी मला ती कशी दिसते ते सांगितलं. तिशीची, फिकट निळा ड्रेस, ओढणी. ओढणीवर त्यांचा जीव अडला. सुती आहे की मिसळ आहे ते नजरेनं कळेना, आणि जन्माची सवय, म्हणून दुसऱ्या दिवशी ती बाजेजवळ येऊन उभी राहिली तेव्हा यांनी चिमटीत धरायला हात पुढे केला. हात आरपार गेला. ते विलक्षण ओशाळले. मला वाटलं, हात आरपार गेला म्हणून दचकले असतील. छे! "पराया बाईच्या पदराले हात घातला व मी," असं म्हणून कपाळ बडवून घेतलं. "माफी मांगतली तिले. ते काही बोलली नाही, चांगल्या घरची हाये."

चार दिवसांनी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. चष्म्याचा अहवाल त्यांच्या मोबाइलवर जायचा. "ताई, काका व्यायाम करतच नाहीत का? रोज एकच येतंय, पाय दिसला नाही, पाय दिसला नाही."

मी म्हटलं, करतात तर! मी दाराआडून रोज बघते, टॉवेल ओढतात, घामाघूम होतात. त्या दिवशी शाळेतून आल्यावर नीट उभी राहून बघितलं. बाई समोर खुर्चीवर. मामाजी बाजेवर, पण तिच्याकडे पाठ करून तिरपे, आणि तोंड वर, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. पाय भिंतीकडे लांब केलेला. चष्म्यातला आवाज बिचारा पुन्हा पुन्हा सांगतोय, "काका, तुमचा पाय दिसत नाहीये. कृपया माझ्याकडे वळून बसा." आणि मामाजी भिंतीला म्हणताहेत, "करून राहिलो बाई, करून राहिलो."

"मामाजी, तिच्याकडं पाहा नं!" मी म्हटलं.

"कसा पाहू? ते पाय वर करून तयवा दाखवते मले. लेकीबाईनं तयवा दाखवला का पुरुषानं तोंड फिरवाव. अन् मी तिच्याकडं पाय लांब करू? देवाकडं अन् लेकीबाईकडं पाय करून कोनी बसते काय?"

माझी सहनशक्ती संपली. शाळेत मी प्रमाण मराठी शिकवते, पण राग आला की जीभ आपल्या गावी जाते. "मामाजी, ते बाई नाहीये! हवा हाये, हवा! हवेकडं पाय केला तं काय होते? सोन्यासारखे दिवस चालले, तुमचा पाय लाकूड होईन अन् तुमी हवेची इज्जत करत बसा!"

"मंग तू बोंबलून काहून राहिली एवढी?" मामाजी शांतपणे म्हणाले. "हवेले ऐकू जाईन."

मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. आमचे हे घरी आले ते नेमके त्या खोलीत गेले, मामाजींची विचारपूस करायला म्हणून वेताच्या खुर्चीवर ऐसपैस बसले आणि बाजारहाटाच्या गप्पा मारू लागले. अर्धा तास झाला. मामाजी चष्मा घातलेले, ताठ बसलेले, हूं की चूं नाही. हे बाहेर येऊन मला म्हणाले, "मामांची तब्येत बरी दिसत नाही गं, चेहरा पार उतरला." मी आत धावले. मामाजींनी माझं मनगट धरलं.

"जावाई तिच्या मांडीवर बसले होते," ते हळूच म्हणाले. "अर्धा घंटा. जावयाले उठा कसं म्हनू?"

मी पदर तोंडात कोंबला. पण हसता हसता एक लख्ख कळलं, की या माणसाला हवा, काच, कॅमेरा कितीही समजावलं तरी उपयोग नाही. त्याची रीत डोळ्यांना जोडलेली आहे. डोळ्यांना बाई दिसली की पाय आपोआप मागे येतो. तेव्हा रीत बदलण्यापेक्षा बाई हलवणं सोपं. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला आणि विचारलं, हिला समोरून उचलून बाजूला बसवता येईल का? बाजेवर, मामाजींच्या शेजारी, दोघांचे पाय एकाच दिशेला?

त्या हसल्या, पण संध्याकाळी येऊन करून दिलं. मामाजींनी मान वर ठेवली तरी कॅमेऱ्याला पाय दिसावा म्हणून समोर आमच्या कपाटाचा आरसा कामी आला. आता मामाजी आणि ती, अकोटच्या स्टँडवर एका बाकड्यावर गाडीची वाट बघत बसल्यासारखे शेजारी बसले. तिचा पाय समोर, यांचा पाय समोर, कुणाचा तळवा कुणाला दिसत नाही. मध्ये हातभर अंतर मामाजींनी स्वतः ठेवलं. आणि काय सांगू, पहिल्याच दिवशी फोन आला, "ताई, आज वीस वेळा!"

मला आनंद झाला. खरंच झाला. पण दुसऱ्या दिवसापासून माझं डोकं फिरायला लागलं. मी म्हटलं, मामाजी, आणखी दोनदा करा, तर "थांब उलीशी, जीव घेतं काय." ती म्हणायची, "छान काका, अजून पाच वेळा," की मामाजी सात वेळा करायचे. माझ्या हातचा चहा निवला तरी चालेल, तिच्यापुढे उशीर नको. सकाळी आंघोळ झाली की भांग, शर्ट, टोपी. माझ्यासमोर तोच माणूस दिवसभर कण्हत पडलेला. त्रेपन्न वर्षांची मी भाची, आणि दहा दिवसांची ती, रक्त ना मांस! एकदा तर मी भाजी चिरता चिरता तिला मोठ्यानं शिवी दिली.

शेवटी एका रविवारी मामाजी आंघोळीला गेले असताना मी चष्मा उचलून डोळ्यांना लावला. म्हटलं, बघू तरी कोण एवढी. त्या वेळी तिला पुन्हा खुर्चीवर ठेवलं होतं, उभं राहण्याच्या व्यायामासाठी. समोर खुर्चीत एक साधीशी मुलगी, हात मांडीवर, माझ्याकडे बघत होती. दिसायला छान, पण चेहऱ्यावर थकवा नाही, घाम नाही. मी हलले तसे तिचे डोळे माझ्याबरोबर हलले. "नमस्कार," ती म्हणाली. आणि मी, जिनं घरभर हवा हाये हवा म्हणून बोंब ठोकली होती, मी पदर सारखा केला आणि म्हटलं, "नमस्कार."

चष्मा काढला. खुर्ची रिकामी. पाय दुखत होते, बसायला तीच एक जागा. मी तिथवर गेले, वळले, आणि बसवेना. डोळ्यांना खुर्ची रिकामी दिसत होती आणि अंग म्हणत होतं, अगं कुणीतरी आहे. मी जमिनीवर बसले. मामाजी दारात आले, माझ्याकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं. मग मिशीतल्या मिशीत हसले. मला असा राग आला म्हणता!

चालण्याचे दिवस सुरू झाले तेव्हा ती पुढे चालायची आणि मामाजी वॉकर घेऊन मागे. बाजेपासून दारापर्यंत. एका सकाळी ती बाजेच्या आणि कपाटाच्या मधल्या चिंचोळ्या जागेत थांबली आणि म्हणाली, "इथपर्यंत या काका." मामाजी गेले. मग म्हणाली, "आता दारापर्यंत." पण स्वतः हलली नाही, काहीतरी अडकलं असावं. ती वाट अडवून उभी. मी दारात पोळ्यांचं पीठ लागलेल्या हातांनी उभी होते, मला काहीच दिसत नव्हतं, मला वाटलं आता सरळ येतील. मामाजींनी वॉकर बाजूला ठेवला. कपाटाला तळहात लावला, अंग चोरलं, पोट आत ओढलं आणि त्या रिकाम्या जागेला वळसा घालून एक, दोन, तीन पावलं टाकली. डाव्या पायावर. बिनवॉकरची.

मी किंचाळले. झटक्यानंतरची ती पहिली सुटी पावलं.

"वॉकर काहून सोडला?" मी पिठाच्या हातांनीच त्यांना धरलं. "पडले असते म्हंजे?"

"तिच्या आंगावर वॉकर घालू?" ते धापा टाकत म्हणाले.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसले आणि मनातलं विचारून टाकलं. म्हटलं, "मामाजी, खरं सांगा. तुमाले ते खरी वाटते?"

"अवं, पागल झाली काय? मले मालूम नाही काय, ते काच हाये म्हनून?"

"मंग शर्ट काहून घालता? वाट काहून सोडता?"

"समोर मानूस दिसलं का मानसासारखं वागाव. ते हाये का नाही, हे तिचं तिनं पाहाव." ते टॉवेलशी चाळा करत म्हणाले, "अन् दुसरी गोठ अशी हाये, तिच्यासमोर पडलो तं ते रडत नाही. पुन्हा करा म्हनते. तुयासमोर पाय नुसता थरथरला का तुया डोयात पानी येते. मंग मी पाय पाहू का तुयं तोंड पाहू?"

इतके दिवस मी समजत होते की तिच्यात काहीतरी जास्त आहे, जे माझ्यात नाही. उलटंच होतं. तिच्यात जे नव्हतं तेच त्यांना उपयोगी पडत होतं. त्या दिवसापासून मी त्यांच्या व्यायामाच्या वेळी खोलीबाहेर जाऊ लागले आणि तिच्याबद्दल मनात आकस उरला नाही. थोडा उरला असेल, पण भांडी आपटण्याइतका नाही.

आता राहिलं वाकणं. चष्म्यातल्या बाईच्या यादीत पाया पडणं नव्हतं. असणार तरी कसं? पण "खाली पडलेली वस्तू उचला" असा एक व्यायाम होता. मामाजींनी तोच धरला. उजव्या हातानं बाजेचा, उशाशी कमरेएवढा वर आलेला खूर धरायचा, डाव्यानं रुमाल उचलायचा. आधी रुमाल टेबलावर, मग स्टुलावर, मग पाटावर, मग जमिनीवर. ती सांगे दहा वेळा, मामाजी करत पंधरा वेळा. टेबल जमलं. स्टूल जमायला दोन आठवडे गेले. पाटावर गाडी अडली. स्टुलाच्या खाली हात गेला की गुडघा दुमडायचा आणि मामाजी बाजेवर आदळायचे. बाहेरून मला तो आवाज यायचा, धप्प, आणि पाठोपाठ तिचा आवाज, "हरकत नाही काका, पुन्हा करूया." मी ओठ चावून तशीच उभी राहायची.

दीड महिना संपला. डॉक्टरीणबाई चष्मा न्यायला आल्या. पाय तपासून म्हणाल्या, घरात काठीनं, बाहेर वॉकरनं चालतील, अकोल्याला जायला हरकत नाही. पण जमिनीपर्यंत वाकणं आता विसरा, आणखी सहा महिने तरी, आणि तेव्हाही सांगता येत नाही. मामाजी ऐकत होते. चष्मा डबीत गेला, डबी पिशवीत गेली. मला उगीच भरून आलं. दीड महिना घरात वावरलेली बाई, कुंकू ना हळद, निरोपाचा एक शब्द नाही.

"मामाजी, काहीतरी म्हना नं तिले," मी बोलून गेले.

"चष्म्याले काय म्हनाव?"

"एवढं केलं तिनं. मले वाटलं, तुमी तिच्या पाया पडसान."

मामाजींनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी सुधारण्यापलीकडे गेले. "ते काय भाची हाये मायी?" ते म्हणाले.

मी आत गेले आणि विनाकारण दोन वेळा तोंड धुतलं.

जायचा विषय मात्र ते काढेनात. मीही काढला नाही. लपवण्यात अर्थ नाही, मला बरंच वाटत होतं. वाकता येत नाही तोवर हलत नाही म्हणाले होते ना, मग राहू देत. दोन्ही वेळा ताटावर बसलेले दिसत, दुपारी शाळेतून यायची वेळ झाली की दार उघडून ठेवत. एकटं अकोल्यात कोण बघणार त्यांना? मी चोरून देवाला म्हणायचीसुद्धा, घाई करू नको.

पण एका गुरुवारी सकाळी उठून पाहते तो मामाजी टोपी घालून, पिशवी भरून तयार. आमच्या यांना आधल्या दिवशी गुपचूप बाजारात पाठवून साडी आणवली होती, जांभळी, काठ असा भडक की दिवा लावायला नको. शेजारीण डबा देणार, काम करणारी बाई ठरली, सगळं फोनवर परस्पर केलेलं. गाडी दारात आली होती.

"मामाजी, वाकता कुठं येते अजून?" मी म्हटलं.

"पाहू," ते म्हणाले.

वॉकर त्यांनी भिंतीला लावला. उजव्या हातानं बाजेचा खूर धरला. मी समोर उभी राहिले. आमचे हे पिशवी घेऊन दारात थबकले. मामाजी वाकू लागले. हात माझ्या कमरेखाली आला, मांडीखाली आला, गुडघ्यापाशी आला. डावा पाय थरथरायला लागला. मी वर पंख्याकडे बघत राहिले, कारण माझ्या डोळ्यांत पाणी दिसलं असतं तर त्यांचं लक्ष गेलं असतं. हात गुडघ्याच्या थोडा खाली गेला आणि तिथं थांबला. पुढे जाईना.

"राहू द्या मामाजी," मी पंख्याला म्हटलं. "मनातून केला नं, पोचला मले."

"मनातून काय करतं!" ते डाफरले. "हात लागला पायजे."

ते सरळ झाले. दम घेतला. माझ्या पायांकडे बघितलं, मग बाजेकडे बघितलं, बाजेची उंची डोळ्यांनी मापली.

"चढ," ते म्हणाले.

"काय?"

"बाजेवर चढ. स्टुलावढी हाये. स्टुलापर्यंत येते मले."

त्रेपन्न वर्षांची बाई, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, नऊवारी नाही तरी सहावारी नेसलेली, मी खिडकीचे गज धरून बाजेवर चढले. बाज करकरली. दारात यांनी तोंड फिरवलं, हसायला की आणखी कशाला ते मला कळलं नाही. मी तिथं उंच उभी, आणि खाली ती टोपी पुन्हा वाकू लागली. या वेळी हात थांबला नाही. आधी माझ्या उजव्या पायावर टेकला, मग डाव्या, मग त्यांच्या कपाळाला गेला. मी रडत होते आणि लपवत नव्हते. आता पाहिलं तरी चालणार होतं.

मला वाटलं, झालं, आता उठतील. ते उठले नाहीत. एका हातानं बाजेचा खूर घट्ट धरून ते तसेच वाकून राहिले आणि दुसऱ्या हाताची बोटं माझ्या टाचेवरून फिरत होती.

"टाचा केवढ्या फुटल्या व तुया," मामाजी म्हणाले. "दिवसभर शायेत उभी राह्यतं. मलम लावत जाय."